माणसाळवलेला विषाणू

१

नाग किंवा घोणस चावलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तातून येते. निरोगी घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवत न्यायची, आणि त्याच्या रक्तात विष निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे पुरेशी झाली की थोडे रक्त काढून त्यातील द्रव वेगळा करायचा, ही पद्धत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. परळच्या हाफकिन संस्थेच्या पागेतल्या घोड्यांनी अशी कितीतरी माणसे वाचवली. घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला कुटुंबाने १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभारली, तिची सुरुवातही घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या धनुर्वाताच्या औषधाशी जोडलेली आहे.

घोड्याने माणसाला काय दिले, हे मराठी वाचकाला असे थोडेफार ठाऊक असते. उलट दिशेची गोष्ट मराठीत क्वचितच सांगितली गेली. घोडे स्वतः साथीने पटापट मरू लागतात तेव्हा त्यांच्यासाठी लस कोण बनवते, कशी बनवते, आणि ती चुकते तेव्हा काय होते? प्रस्तुत पुस्तक या प्रश्नांभोवती उभे आहे. त्याच्या केंद्रस्थानी दक्षिण आफ्रिकेतील ऑन्डरस्टेपोर्ट या प्रयोगशाळेतील संशोधक रेमंड अलेक्झांडर आणि त्यांनी उंदराच्या मेंदूत वाढवलेली लस आहे. अलेक्झांडरांच्या आधी कोण काय करून गेले आणि त्यांच्यानंतर काय घडले, हे समजल्याशिवाय त्या कामाचे मोल कळत नाही. या प्रस्तावनेचा हेतू तेवढाच आहे: या विषयात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकाला आजूबाजूचा प्रदेश दाखवणे.

रानटी घोडा माणसाळवायला माणसाला अनेक पिढ्या लागल्या. विषाणू माणसाळवण्याचे काम त्याच जातीचे आहे. त्याची मारण्याची ताकद काढून घ्यायची, पण ओळख पटण्यापुरता जोर त्याच्यात शिल्लक ठेवायचा. जोर फार ठेवला तर लसच आजार देते. फार काढला तर घोड्याचे शरीर तिची दखल घेत नाही. या दोहोंमधली वाट सापडणे हे संशोधकाचे कौशल्य खरे. पण माझ्या मते त्याची खरी कसोटी पुढे लागते. माणसाळवलेला विषाणू कधी उलटतो यावर तो किती वर्षे नजर ठेवतो आणि उलटला तर ते किती मोकळेपणाने सांगतो, यावर त्याची थोरवी ठरते. हे पुस्तक वाचताना माझ्या मनात हीच गोष्ट पक्की होत गेली.

२

घोड्यांचे विषाणुरोग अनेक आहेत. ते पसरतात कसे, हे पाहिले तर त्यांचे चार गट पडतात आणि लस बनवणाऱ्याला कुठे अडचण येईल याचाही अंदाज येतो.

पहिला गट कीटकांमुळे पसरणाऱ्या रोगांचा. आफ्रिकन हॉर्स सिकनेस चिलटांमार्फत पसरतो. अमेरिका खंडातले तीन मेंदूज्वर, म्हणजे पूर्वेकडचा, पश्चिमेकडचा आणि व्हेनेझुएलाचा, डासांमार्फत पसरतात. वेस्ट नाइल हाही डासांचाच. इथे आजारी घोडा वेगळा बांधला तरी साथ थांबत नाही, कारण ती हवेत उडत असते.

दुसरा गट श्वासाचा. घोड्यांचा इन्फ्लूएंझा एका खोकल्यासरशी सगळ्या तबेल्यात पसरतो. त्याचा एक प्रकार १९५६ साली प्रागमध्ये वेगळा करण्यात आला, दुसरा १९६३ साली मायामीत. आज जगभर त्रास देतो तो दुसरा. माणसाच्या फ्लूप्रमाणेच त्याचे रूप सतत पालटते आणि जुनी लस निकामी होत जाते. हर्पिस कुळातला विषाणूही श्वासावाटे शिरतो, पण त्याचा घाव वेगळा आहे. वरवर धडधाकट दिसणारी घोडी शेवटच्या महिन्यांत गाभडते. १९३३ साली केंटकीत विल्यम डिमॉक आणि फिलिप एडवर्ड्स यांनी या गाभडण्यामागे विषाणू असल्याचे सांगितले. घोड्यांच्या पैदाशीवर जगणाऱ्या त्या प्रदेशाने पुढची कित्येक दशके या एकाच प्रश्नावर काम केले.

तिसरा गट रक्ताचा आणि रेतनाचा. घोड्यांचा संसर्गजन्य पंडुरोग गोमाशीच्या चाव्याने किंवा एकच सुई अनेकांना वापरल्याने पसरतो आणि एकदा शिरला की जन्मभर राहतो. फ्रान्समध्ये त्याचे वर्णन १८४३ साली झाले. १९०४ साली व्हाले आणि कॅरे यांनी तो जिवाणूपेक्षा सूक्ष्म अशा घटकाने होतो हे दाखवले. पाश्चात्त्य देशांनी इथे लसीचा नाद सोडला आणि रक्ततपासणीवर भर दिला. १९७० साली कॉगिन्स यांनी दिलेली चाचणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. याच गटातला धमनीदाहाचा विषाणू १९५३ साली ओहायोतील ब्युसायरस गावी सापडला. तो वळूघोड्याच्या वीर्यात वर्षानुवर्षे दडून राहतो.

चौथा गट सर्वांत नवा. सप्टेंबर १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या हेन्ड्रा उपनगरात शर्यतीचे घोडे अचानक दगावले आणि त्यांची देखभाल करणारा प्रशिक्षकही गेला. हा विषाणू वटवाघळांचा. वटवाघळांकडून घोड्याला आणि घोड्याकडून माणसाला, अशी त्याची वाट आहे. म्हणून इथे घोड्याला टोचलेली लस आधी त्याच्या मोतद्दाराला आणि डॉक्टरला वाचवते.

३

आफ्रिकन हॉर्स सिकनेसला मराठीत रूढ नाव नाही, आपले पशुवैद्यही तेच नाव वापरतात. त्याची फुप्फुसाची जात सर्वांत भयंकर. संध्याकाळी चारा खाणारा घोडा पहाटे धापा टाकतो, नाकातून पांढरा फेस वाहतो, आणि स्वतःच्याच फुप्फुसात साचलेल्या पाण्यात तो बुडून मरतो. अशा शंभर घोड्यांतले पाच जरी वाचले तरी नशीब. हृदयाच्या जातीत डोळ्यांवरचे खळगे सुजून डोके जाड दिसते. आफ्रिकान्स बोलणारे शेतकरी पहिल्या जातीला ‘बारीक डोके’ आणि दुसरीला ‘जाड डोके’ म्हणत. झेब्र्याच्या अंगात मात्र हाच विषाणू काही न करता फिरत राहतो.

या रोगाच्या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो. गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर राहिलेला फ्रान्सिस्कू बारेतू १५६९ साली लिस्बनहून पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाला. त्या मोहिमेचा वृत्तांत लिहिणाऱ्या मोंक्लारो या पाद्र्याने भारतातून आणलेले घोडे मेल्याचे नोंदवले आहे. पुढच्या पशुवैद्यांनी ही या रोगाची आरंभीची नोंद मानली, काही इतिहासकार तिथे त्सेत्से माशीच्या रोगाकडे बोट दाखवतात. कारण कोणतेही असो, परिणाम मन विषण्ण करणारा आहे. घोड्यांवर विषप्रयोग झाला या संशयावरून पोर्तुगीजांनी झांबेझीकाठच्या मुस्लिम व्यापाऱ्यांची कत्तल केली. रोगाचे कारण माहीत नसले की माणूस शत्रू शोधतो, हे आपण त्यानंतरही अनेक साथींत पाहिले.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत १७१९ साली सुमारे १,७०० घोडे मेले. १८५४-५५ च्या साथीत जवळपास ७० हजार, म्हणजे तिथल्या एकूण घोड्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक. ज्या काळी घोडा म्हणजेच गाडी, टपाल, नांगर आणि फौज होती, त्या काळातला हा आकडा आहे. शेतकऱ्यांनी अनुभवातून काही गोष्टी हेरल्या होत्या. सूर्य मावळण्याआधी घोडे आत घ्यावेत, सकाळचे दव सुकेपर्यंत बाहेर सोडू नयेत, आणि पहिले हिव पडले की रोग थांबतो. आजारातून उठलेल्या घोड्याला ते ‘खारवलेला’ म्हणत आणि त्याला बाजारात कितीतरी पट भाव मिळे. प्रतिकारशक्तीची किंमत बाजाराने शास्त्राच्या आधी ओळखली होती. पण असा महागामोलाचा घोडाही एखाद्या मोसमात पुन्हा आजारी पडून मरे, आणि ते कोडे कुणाला सुटत नसे.

१९०० साली लंडनमध्ये जॉन मॅकफेडियन यांनी आजारी घोड्याचे रक्त जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळले. गाळलेल्या द्रवानेही रोग झाला. कारण जिवाणू नव्हे, त्याहून सूक्ष्म काहीतरी आहे, हे ठरले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या वसाहतीत हर्बर्ट वॉटकिन्स-पिचफर्ड यांनी घोडे जाळीच्या आत ठेवून दाखवले की जाळीआतले घोडे वाचतात. दोषी कीटक क्युलिकॉइडिस जातीचे चिलट आहे, हे सिद्ध व्हायला मात्र १९४४ साल उजाडले.

याच मातीत स्वित्झर्लंडहून आलेला एक तरुण पशुवैद्य काम करत होता. त्याचे नाव अर्नोल्ड थायलर. १८९१ साली आफ्रिकेत आल्यावर थोड्याच दिवसांत चाऱ्याची कुट्टी करणाऱ्या यंत्रात त्याचा डावा हात गेला. एका हाताने त्याने देवीची लस बनवली, गुरांच्या बुळकांडीवर काम केले, आणि १९०८ साली प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपोर्टची प्रयोगशाळा सुरू केली. हॉर्स सिकनेसवर त्याचा उपाय असा होता की, जिवंत विषाणू आणि बऱ्या झालेल्या जनावराचे प्रतिपिंडयुक्त रक्तजल एकाच वेळी टोचायचे. एकाने रोग द्यायचा, दुसऱ्याने तो आवरायचा. खेचरांत ही पद्धत बरीच चालली, घोड्यांत धोका कायम राहिला. पण थायलरची मोठी देणगी ठरली ती खारवलेल्या घोड्याच्या कोड्याचे उत्तर. एका ठिकाणच्या विषाणूविरुद्ध तयार झालेला घोडा दुसऱ्या ठिकाणच्या विषाणूपुढे टिकत नाही हे त्याने पाहिले. घोडे पेंड खात होते ते इथेच. शत्रू एक नव्हता. पुढे ऑन्डरस्टेपोर्टच्याच संशोधकांनी १९५८ आणि १९६२ साली मोजून सांगितले की या विषाणूचे नऊ प्रकार आहेत.

अलेक्झांडरांचे काम इथे सुरू होते. १९३० साली अर्नोल्ड थायलरचा मुलगा मॅक्स याने अमेरिकेत पीतज्वराचा विषाणू पांढऱ्या उंदराच्या मेंदूत वाढवून दाखवला. हॉर्स सिकनेसचा विषाणूही तसा वाढतो हे १९३२ साली निश्युल्झ यांनी दाखवले. अलेक्झांडरांनी तो धागा धरला. आजारी उंदराचा मेंदू वाटून दुसऱ्या उंदराच्या मेंदूत टोचायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, असे सुमारे शंभर वेळा. या लांबलचक प्रवासात विषाणू मेंदूला सरावला आणि घोड्याचे फुप्फुस व हृदय यांवरचा त्याचा जोर ओसरला. घोड्याला टोचला तर ताप येई, पण जीव जात नसे, आणि पुढे रानटी विषाणू आला तरी घोडा तग धरे. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून अनेक प्रकार एकत्र केलेली ही लस वापरात आली. बापाने चालवलेल्या प्रयोगशाळेच्या प्रश्नाला मुलाच्या शोधातून वाट मिळाली. मॅक्स थायलरला पीतज्वराच्या लसीसाठी १९५१ साली नोबेल मिळाले. माणसाची लस आणि घोड्याची लस या अशा एकाच माळेतल्या आहेत.

१९५९ साली हा रोग इराणात उतरला आणि दोन वर्षांत अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, इराक, तुर्कस्तान ते सायप्रसपर्यंत गेला. भारतात तो १९६० साली आला. या साथीत तीन लाखांहून अधिक घोडे, गाढवे आणि खेचरे मेली किंवा मारावी लागली असा अंदाज आहे. उंदराच्या मेंदूतल्या लसीने तेव्हा लाखो जनावरांना आधार दिला, पण आफ्रिकेबाहेर ती अनेक ठिकाणी पोचली ती वरातीमागून. तयार लस आणि वेळेवर पोचलेली लस यांतले अंतर त्या साथीने जगाला दाखवले.

४

घोड्यांच्या लसींचे आजवरचे मार्ग ढोबळमानाने तीन. प्रत्येकाचे यश वेगळे आणि प्रत्येकाचा घातही वेगळा.

पहिला मार्ग अलेक्झांडरांचा: परक्या शरीरात किंवा पेशींत वाढवत वाढवत विषाणू सौम्य करायचा. व्हेनेझुएलाच्या मेंदूज्वरावरची टीसी-८३ ही लस गिनिपिगच्या हृदयपेशींत ८३ वेळा वाढवून बनली, आणि १९७१ साली साथ मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरली तेव्हा तिनेच ती अडवायला मदत केली. चीनमध्ये हार्बिन येथील शेन रोंगश्यान यांनी पंडुरोगाचा विषाणू आधी गाढवांत आणि मग गाढवाच्या श्वेतपेशींत वाढवून लस केली. हा विषाणू एचआयव्हीच्या कुळातला. त्या कुळातील विषाणूवर मोठ्या प्रमाणावर वापरलेली ही पहिली लस. तिने एचआयव्हीच्या अभ्यासकांनाही विचार करायला लावले.

दुसरा मार्ग विषाणू मारून टोचण्याचा. फॉर्मॅलिनसारख्या रसायनाने तो मारायचा आणि त्याचे प्रेत शरीराला दाखवायचे. इन्फ्लूएंझाच्या बऱ्याच लसी, तसेच केंटकीच्या ब्रायन्स यांनी गाभडण्यावर केलेली लस याच प्रकारातल्या. हा मार्ग सुरक्षित वाटतो, पण प्रतिकारशक्ती लवकर ओसरते आणि पुन्हा पुन्हा टोचावे लागते.

तिसरा मार्ग अख्खा विषाणू न वापरता त्याचा तुकडा वापरण्याचा. हेन्ड्राची लस म्हणजे त्या विषाणूच्या आवरणावरचे एक प्रथिन. ऑस्ट्रेलियात ती नोव्हेंबर २०१२ मध्ये वापरात आली. इन्फ्लूएंझा आणि वेस्ट नाइल यांसाठी कॅनरी पक्ष्याच्या देवीच्या विषाणूवर परक्या जनुकाचे ओझे लादून त्याला भारवाहू केले गेले. हा विषाणू घोड्याच्या अंगात वाढत नाही, फक्त निरोप पोचवतो. वेस्ट नाइलच्या बाबतीत तर गती थक्क करणारी होती. १९९९ साली रोग न्यूयॉर्कमध्ये आला, २००१ साली मृत विषाणूची लस निघाली, २००२ साली अमेरिकेत चौदा हजारांहून अधिक घोडे आजारी पडले, आणि २००५ साली घोड्यांसाठी डीएनए लसीला मान्यता मिळाली. कोणत्याही प्राण्यासाठी परवाना मिळालेली ती पहिली डीएनए लस. कोविडच्या काळात जनुकीय लसी नव्या वाटल्या, पण घोड्यांच्या तबेल्यात त्यांची एक बहीण पंधरा वर्षे आधी येऊन गेली होती.

आता या मार्गांवरचे खड्डे. व्हेनेझुएलाच्या मेंदूज्वरावर अनेक वर्षे फॉर्मॅलिनची लस वापरात होती. साथी थांबत नव्हत्या. पुढे विषाणूंच्या जनुकांची तुलना केली तेव्हा दिसले की १९३८ नंतरच्या साडेतीन दशकांतले कित्येक साथीचे विषाणू लसीसाठी वापरलेल्या जुन्या विषाणूशी जवळपास हुबेहूब जुळतात. मारला असे समजलेला विषाणू पुरता मेलेला नव्हता. लसीच्या बाटलीतूनच साथ बाहेर पडली, असा निष्कर्ष अभ्यासकांना काढावा लागला.

अलेक्झांडरांची लसही सुटली नाही. उंदराच्या मेंदूला सरावलेला विषाणू घोड्याला सौम्य होता, पण तो मेंदूला सरावलेला होता. १९८० च्या दशकात ऑन्डरस्टेपोर्टमध्ये लस बाटल्यांत भरण्याच्या विभागातील चार कामगारांना मेंदूज्वर झाला आणि त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली. लसीतलाच विषाणू श्वासावाटे गेला असावा, असे १९९२ साली दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या लेखाच्या लेखकांत बाल्टस इरास्मस होते. अलेक्झांडरांच्याच संस्थेतले, आणि पेशींत वाढवलेली नवी लस घडवणारे संशोधक. आपल्या संस्थेच्या सर्वांत गाजलेल्या लसीचा दोष त्यांनी झाकला नाही.

नव्या लसीचेही तसेच. नऊपैकी सात प्रकार दोन बाटल्यांत विभागून दिले जातात, उरलेल्या दोघांविरुद्ध त्यांच्या जवळच्या प्रकारांवर भिस्त ठेवली जाते. ही लस दक्षिण आफ्रिकेतल्या रोगनियंत्रणाचा कणा आहे. तरी केप प्रदेशात निर्यातीसाठी राखलेल्या नियंत्रित क्षेत्रात ज्या साथी आल्या, त्यांतल्या काहींचे विषाणू लसीतून उलटलेले किंवा लसीतल्या विषाणूंची आपापसांत जनुके अदलाबदल होऊन बनलेले होते, हे २०१६ साली त्याच देशाच्या संशोधकांनी सिद्ध केले. यावरचा उपाय साधा निघाला: त्या भागात लस फक्त हिवाळ्याच्या आसपासच्या महिन्यांत द्यायची, जेव्हा चिलटे कमी असतात आणि लसीतला विषाणू एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. शेतकऱ्यांनी हिव पडल्यावर रोग थांबतो असे जे सांगितले होते, तेच शहाणपण इथे नियम होऊन परत आले.

हे प्रसंग वाचून कुणी लसीच नकोत असा अर्थ काढला, तर तो या इतिहासाचा विपर्यास होईल. ज्या लसींचे दोष इथे मांडले, त्यांनीच अगणित घोडे वाचवले. दोष सापडले ते संशोधक ते शोधत राहिले म्हणून, आणि दोष सापडले म्हणून पुढची लस सुधारली.

५

आज मराठी वाचकाने हे का वाचावे?

२०१९ च्या पशुगणनेप्रमाणे भारतात सुमारे ३ लाख ४० हजार घोडे-तट्टू आणि सुमारे १ लाख २० हजार गाढवे उरली आहेत. संख्या घटली, पण जी उरली ती बहुतेक गरिबाच्या पोटापाण्याची साधने आहेत. वीटभट्टीवरचे गाढव, वैष्णोदेवीच्या वाटेवरचे खेचर, माथेरानचा घोडा, हे गेले तर घरातली चूल विझते. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला दूरदूरचे घोडे एका मैदानात येतात. त्या मैदानात एखादा घोडा खोकू लागला, तर यात्रा संपण्याआधी तो खोकला किती जिल्ह्यांत पोचेल याचा विचार घोडेवाल्यानेही करायला हवा. १९८७ साली आणि पुन्हा २००८ साली इन्फ्लूएंझाने भारतात हेच करून दाखवले. २००८ ची साथ वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्यात सुरू झाली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तिथेच मिळालेला विषाणू घेऊन आपली लस अद्ययावत केली. हर्पिसमुळे होणाऱ्या गाभडण्यावरही त्या केंद्राची स्वदेशी लस आहे.

२०२० साली, जग कोविडकडे पाहत असताना, थायलंडमध्ये आफ्रिकन हॉर्स सिकनेसने पाचशेहून अधिक घोडे मेले. आफ्रिकेतून आयात केलेल्या झेब्र्यांवर संशय गेला. अशीच वाट १९८७ साली स्पेनमध्ये उघडली होती, नामिबियाहून आणलेल्या झेब्र्यांच्या सोबतीने. थायलंडमध्ये तबेल्यांना जाळ्या लागल्या आणि दक्षिण आफ्रिकेहून लस आली. पिचफर्डची जाळी आणि ऑन्डरस्टेपोर्टची बाटली, शंभर वर्षांनंतरही तीच दोन हत्यारे. हवामान तापते आहे, चिलटांचा मोसम लांबतो आहे, प्राणी विमानातून जातात. भारत या रोगापासून कायम दूर आहे असे समजण्याचे कारण नाही.

आणखी एक धागा आपल्या अंगणातला आहे. २०२२ साली लंपी त्वचारोगाने महाराष्ट्रातल्या गोठ्यांत हाहाकार केला, तेव्हा गुरांसाठी भारतीय लस तयार केली ती हिसारच्या याच घोड्यांच्या केंद्राने, बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सोबतीने. रांचीत सापडलेला विषाणू पेशींत पन्नास वेळा वाढवून तो सौम्य केला. अलेक्झांडरांच्या उंदरांपासून निघालेली वाट अशी आपल्या गाईपर्यंत येते. बरेलीची संस्था तरी कुठून आली? १८८९ साली पुण्यात सुरू झालेल्या इम्पीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीतून, जी १८९३ साली मुक्तेश्वरला हलली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड घोड्यांच्या सर्रा रोगावर काम करत. या देशातल्या पशुरोग संशोधनाचा पहिला श्वास पुण्यात घेतला गेला, आणि त्यात घोडा होता.

६

प्रस्तुत पुस्तकाने यातले काय हाती घेतले आहे, हे सांगून थांबतो. हे पाठ्यपुस्तक नाही आणि अलेक्झांडरांचे गौरवचरित्रही नाही. एका लसीचे आयुष्य ते सांगते: गरज कशी निर्माण झाली, कल्पना कुठून आली, ती किती उंदरांतून आणि किती घोड्यांतून गेली, बाजारात कशी पोचली, कुठे चुकली, आणि तिची जागा कुणी घेतली. ही एक लस नीट कळली की बाकीच्या लसी वाचकाला आपसूक कळू लागतात, असा लेखकाचा विश्वास आहे. मला तो पटला.

मांडणीतली दोन वैशिष्ट्ये मला महत्त्वाची वाटतात. एक, प्रयोगांत गेलेल्या जनावरांचा हिशेब लेखकाने टाळलेला नाही. शंभर फेऱ्या म्हणजे केवढे उंदीर, आणि लस कसाला लावण्यासाठी रानटी विषाणू टोचलेले घोडे म्हणजे काय, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. दुसरे, चिलटांची जात, प्रतिपिंडांची मोजणी, विषाणूचे नऊ प्रकार कशावरून ठरतात, असा अवघड भाग मराठीत सांगताना परिभाषेचा डोंगर उभा केलेला नाही. पशुवैद्यक महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला आणि शर्यतीच्या घोड्याच्या मोतद्दाराला एकच पान वाचता यावे, असा प्रयत्न दिसतो. पशुवैद्यकाचे उच्चशिक्षण इंग्रजीत होते, पण घोडा, गाढव आणि खेचर सांभाळणारे लोक मराठीत, हिंदीत, अहिराणीत बोलतात. लस देणारा आणि लस घेणारा यांच्यात भाषेची ही दरी राहिली, तर लसीचा अर्धा उपयोग वाया जातो.

घोडे, गाढवे, खेचरे पाळणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या जनावराला टोचलेल्या प्रत्येक लसीची तारीख, नाव आणि बाटलीवरचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. टोचल्यानंतर ताप आला, घोडी गाभडली, जनावर लंगडले, तर लपवू नका, पशुवैद्याला कळवा. पशुवैद्यांना विनंती, की अशी प्रत्येक तक्रार लिहून घ्या आणि वर पाठवा. लसीचे दोष उघड व्हायला अशाच नोंदींची मदत होते. ती वही आजच उघडावी.